लायसन्स नसलेली एजन्सी आणि साडेसोळा हजारांचा वॉचमन

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजला तो असा: चिंचवडजवळ ११२ फ्लॅटची सोसायटी, चार पॉइंट, बारा-बारा तासांच्या दोन पाळ्यांत मिळून आठ रक्षक, माणशी महिना १६,५०० रुपये. पार्किंगमधून दोन मोटारसायकली गेल्या, पोलीस आले, त्यांनी रक्षकांचे कागद मागितले आणि तेव्हा उघड झालं की एजन्सीकडे गुमास्ता, म्हणजे दुकानाची नोंद, आहे, पण सुरक्षा एजन्सीला लागणारं पसारा लायसन्स नाही. आता निम्मी कमिटी म्हणते एजन्सी बदला. निम्मी म्हणते हेच आठ जण थेट सोसायटीच्या पगारावर घ्या, म्हणजे लायसन्सची भानगडच नको. आणि तुमची धास्ती अशी की कारवाई झाली तर ती सही करणाऱ्या सेक्रेटरीवर, म्हणजे तुमच्यावर होईल का.

मी कोण, तर २००१ साली मुंबईत फिल्ड ऑफिसर म्हणून लागलो, नंतर पुण्यात अकरा वर्षं स्वतःची छोटी एजन्सी चालवली, ती बंद केली आणि आता सोसायट्यांचे, लहान कारखान्यांचे सिक्युरिटीचे करार आणि हजेऱ्या तपासून देतो. वकील नाही. तुमच्या हातात खरोखरची नोटीस पडली तर ती घेऊन वकिलाकडेच जा.

आधी धास्तीचं बघू. पसारा म्हणजे खासगी सुरक्षा अभिकरणे नियमन कायदा, २००५. केंद्राचा कायदा, महाराष्ट्राचे त्याखालचे नियम २००७ चे. त्याचं कलम ४ म्हणतं की लायसन्सशिवाय सुरक्षा एजन्सीचा धंदा करता येणार नाही, आणि कलम २० म्हणतं की केला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ही शिक्षा धंदा करणाऱ्याला आहे. अशा एजन्सीची सेवा घेणाऱ्या गिऱ्हाइकाला हे कलम हात लावत नाही. त्यामुळे ‘सोसायटीवर पसाराखाली केस होईल’ असं जे कोणी तुम्हाला म्हणालं, ते दमात घेण्यासाठी म्हणालं असावं. मात्र पोलीस आयुक्तालयं वेळोवेळी भाडेकरू, घरगडी, वॉचमन यांची माहिती ठाण्यात द्या असे मनाई आदेश काढतात. तुमच्या हद्दीत तसा आदेश चालू असेल आणि माहिती दिलेली नसेल, तर तो मुद्दा वेगळा, आणि तो सोसायटीवर येऊ शकतो. ठाण्यात जाऊन आदेशाची प्रत मागा. तोंडी सांगण्यावर जाऊ नका.

दुसरी बाजू पैशाची आहे आणि ती मला जास्त गंभीर वाटते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झाली. तिचं कलम ४३ असं आहे की मालकाने, इथे एजन्सीने, देणं दिलं नाही तर ज्या आस्थापनेत माणूस काम करतो तिच्या धन्यावर ती जबाबदारी येते. निवासी सोसायटी त्या अर्थाने आस्थापना ठरते का, यावर वाद घालायला जागा आहे. पण उद्या एजन्सीवाल्याने फोन बंद करून टाकला आणि आठ रक्षक थकलेला पगार मागत कामगार आयुक्तांच्या दारात गेले, तर ते बोट तुमच्याकडेच दाखवणार. गायब झालेल्या माणसाकडे दाखवून काय मिळणार?

गुमास्ता आणि पसारा यांची गल्लत फार जण करतात, त्यात कमिटीचा दोष नाही. गुमास्ता म्हणजे ‘इथे एक दुकान आहे’ एवढीच नोंद. किराणा दुकानालाही तीच, सलूनलाही तीच. पसाराचं लायसन्स देताना मालकाची पार्श्वभूमी तपासली जाते, रक्षकांच्या प्रशिक्षणाची सोय बघितली जाते. ते पाच वर्षांसाठी असतं आणि ठरावीक जिल्ह्यांपुरतं असतं. कायद्यातच फी तशी आहे: एका जिल्ह्याला ५,०००, पाच जिल्ह्यांपर्यंत १०,०००, अख्ख्या राज्याला २५,०००. म्हणजे एखाद्याने ठाणे जिल्ह्याचं लायसन्स दाखवून तुमच्या गेटवर माणसं उभी केली, तर तुमच्यापुरतं ते लायसन्स नसल्यातच जमा. तेव्हा नव्या एजन्सीचं लायसन्स हातात आलं की आधी जिल्हा वाचा, मग तारीख, मग नाव.

नाव वाचायचं म्हणजे कसं, तेही सांगतो. या धंद्यात लायसन्स भाड्याने चालतं. एकाचं लायसन्स, दुसऱ्याची माणसं, बिल तिसऱ्याच्या नावाने. म्हणून चार कागद शेजारी-शेजारी ठेवायचे: पसारा, जीएसटी, पीएफचा कोड आणि करार. चारही नावं अक्षरशः एक पाहिजेत. ‘एंटरप्रायजेस’च्या जागी ‘सर्व्हिसेस’ दिसलं की थांबून विचारायचं. ‘आमचीच सिस्टर कन्सर्न आहे’ हे उत्तर आलं तर मी पुढचा चहा घेत नाही.

आता तुम्ही न विचारलेलं. तुमच्या प्रश्नात चार आकडे आहेत: चार पॉइंट, दोन पाळ्या, आठ माणसं, १६,५०० रुपये. लायसन्सचा विषय निघाला नसता तरी या चार आकड्यांवरून मी सांगितलं असतं की इथे काहीतरी शिजतंय. कसं ते बघा.

चार पॉइंट गुणिले दोन पाळ्या म्हणजे दिवसाला आठ ड्युट्या, आठवड्याला छप्पन्न. माणसाला आठवड्याची एक सुट्टी दिली तर तो सहा ड्युट्या करतो. छप्पन्नला सहाने भागा, नऊच्या वर येतं. तुमच्याकडे आहेत आठ. म्हणजे रिलीव्हर, सुट्टीवरच्याच्या जागी येणारा बदली माणूस, नाही, म्हणजे कोणालाच सुट्टी नाही, आणि एकजण गावाला गेला की दुसरा चोवीस तास उभा. तुम्ही लिहिलंय की ‘रात्रीचा माणूस बऱ्याचदा झोपलेला असतो’. झोपणारच.

आता दर. उदाहरणासाठी धरू की आठ तासांच्या दिवसाचं महिन्याचं किमान वेतन १३,००० आहे. हा आकडा मी गणित सोपं व्हावं म्हणून घेतलाय. खरा आकडा तुमच्या परिमंडळाचा असतो आणि विशेष भत्त्यामुळे दर सहा महिन्यांनी, जानेवारीत आणि जुलैमध्ये, हलतो, तो चालू महिन्याचा बघून घाला. २६ दिवसांनी भागलं तर रोज ५००, तासाला साडेबासष्ट. जादा कामाचा दर दुप्पट, म्हणजे तासाला १२५. बारा तासांच्या ड्युटीत चार तास जादा, २६ दिवसांचे १०४ तास, त्याचे झाले १३,०००. बघा, चार तास दुप्पट दराने म्हणजे पुन्हा आठ तासांचाच पैसा. बारा तासांचा माणूस आठ तासांच्या माणसाच्या बरोबर दुप्पट पगाराचा असतो. मूळ वेतन कितीही घाला, हे प्रमाण बदलत नाही.

वर पीएफचा मालकाचा वाटा प्रशासन खर्च आणि विम्यासकट १३ टक्के, मूळ वेतनावर, १,६९० रुपये. ईएसआयचा, म्हणजे कामगार विम्याचा, ३.२५ टक्के, तो जादा कामाच्या पैशावरही भरायचा, ८४५ रुपये. बोनस ८.३३ टक्के, सुमारे १,०८३. बेरीज साडेएकोणतीस हजारांच्या वर जाते, आणि यात गणवेश, रजा, एजन्सीचं कमिशन, जीएसटी काहीच धरलेलं नाही. हेच गणित आठ तासांच्या माणसाचं केलं तर सुमारे १६,२०० येतं.

तुम्ही देताय १६,५००. म्हणजे ताई, तुम्ही आठ तासांचे पैसे देऊन बारा तासांचा माणूस घेताय, आणि त्यातूनच एजन्सीवालाही आपला वाटा काढतोय. तो कुठून काढतो? पीएफ न भरून, बोनस न देऊन, सुट्टी न देऊन, आणि दहा-अकरा हजार रक्षकाच्या हातात टेकवून. ज्याचा धंदाच असा चालतो, तो लायसन्स काढायला जाणार नाही. लायसन्स काढलं की रजिस्टर ठेवावं लागतं, तपासणीला कोणी आलं तर दाखवावं लागतं. मला तुमच्याकडचं दुखणं लायसन्सचं कमी आणि दराचं जास्त वाटतं ते यामुळे. उद्या तुम्ही लायसन्सवाली एजन्सी आणली आणि दर साडेसोळाच ठेवला, तर भिंतीवर एक फ्रेम वाढेल, गेटवर तोच पेंगुळलेला माणूस राहील.

यात एक बारीक गोष्ट आहे. एजन्सीकडे सगळ्या साइट मिळून २० माणसं नसतील तर पीएफ त्याला लागूच नाही असं तो म्हणू शकतो. ईएसआयची मर्यादा दहाची. तुमच्याकडेच आठ आहेत. त्याची आणखी एखादी साइट आहे का, एवढं रक्षकांना विचारा, त्यांना बरोबर माहीत असतं. तेच जीएसटीचं. तुमचं एकट्याचं बिल वर्षाला १५,८४,००० होतं. सेवांसाठी नोंदणीची मर्यादा २० लाखांची आहे. दुसरी एक मध्यम साइट असली की तो मर्यादेपलीकडे जातो, आणि तुम्ही म्हणता बिल साध्या छापील पावतीबुकातलं येतं.

मस्टरचा, म्हणजे हजेरीपटाचा, खेळही सांगतो, कारण नव्या एजन्सीकडे तो असू शकतो. बारा तास रोज, महिनाभर, म्हणजे ३६० तास, म्हणजे आठ तासांच्या पंचेचाळीस ड्युट्या. कागदावर मात्र त्या माणसाच्या २६ हजेऱ्या असतात, पगारपत्रकावर किमान वेतन अगदी रुपयापर्यंत बरोबर, पीएफही त्यावर भरलेला. तपासणारा खूश. उरलेल्या एकोणीस ड्युट्या हवेत विरतात, किंवा ‘कन्व्हेयन्स’ म्हणून दोन-तीन हजार वर दिले जातात. काही ठिकाणी तर रक्षकाच्या खात्यात पूर्ण पगार जमा होतो आणि एटीएम कार्ड सुपरवायझरच्या खिशात असतं. म्हणून मी एजन्सीचं मस्टर बघतच नाही. गेटवरचं रजिस्टर बघतो. त्यात माणूस आला-गेल्याची वेळ स्वतः लिहितो, ते खोटं करायचं कोणाच्या ध्यानातही येत नाही. दोन्ही शेजारी ठेवले की दहा मिनिटांत कळतं.

हे मी शहाणपण म्हणून सांगत नाहीये, मी स्वतः यात होतो. फिल्ड ऑफिसर असताना रात्री अडीच-पावणेतीनला एका गोदामावर चेकिंगला गेलो होतो. रक्षक प्लास्टिकच्या खुर्चीत झोपलेला. बूट काढून शेजारी ठेवलेले, पाय सुजून मोज्यांची रबराची रेघ पोटरीत रुतलेली. मी टॉर्च मारला, उठवला, दोनशे रुपये दंड लिहिला, सही घेतली आणि पुढच्या साइटला गेलो. महिनाअखेरीला हजेरी काढताना पाहिलं तर त्या तारखेच्या आधीचे तीन दिवस दिवसपाळी आणि रात्रपाळी, दोन्ही रकान्यांत त्याचीच सही. त्याला रिलीव्हर पाठवायचं काम माझं होतं. दंड मात्र त्याच्या पगारातून गेला आणि मी तो परत करायला लावला नाही. त्या कंपनीचं नाव लिहिण्यात अर्थ नाही, तेव्हा सगळीकडे हेच चालायचं.

तर मग थेट सोसायटीच्या पगारावर घ्यायचं का? कायद्याच्या अंगाने कमिटीतल्या त्या निम्म्यांचं अर्धं बरोबर आहे. सोसायटी सुरक्षा पुरवण्याचा धंदा करत नाही, स्वतःसाठी वॉचमन ठेवते, त्यामुळे तिला पसारा लायसन्स लागत नाही. भानगड मात्र पुढच्या दाराने परत येते. आता मालक तुम्ही. किमान वेतन, दुप्पट जादा भत्ता, आठवड्याची सुट्टी, सगळं तुमच्या अंगावर. आठ रक्षक अधिक सफाईचे, बागेचे, पंप चालवणारा असे दहा झाले की ईएसआय आणि ग्रॅच्युइटीचा प्रश्न उभा राहतो. चौकशी तुम्ही करायची, गैरहजर माणसाच्या जागी रात्री अकरा वाजता दुसरा माणूस तुम्ही शोधायचा. आणि कमिटी बदलली की नव्या चेअरमनला जुना वॉचमन नको असतो, तिथून पुढे कज्जा.

त्या कज्ज्याबद्दल एक गोष्ट लोक अर्धवट सांगतात. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सोम विहार अपार्टमेंटच्या प्रकरणात म्हटलं की सदस्यांना वैयक्तिक सेवा देणारी मालकांची सोसायटी ‘उद्योग’ नाही, म्हणून तिथे तेव्हाचा औद्योगिक विवाद कायदा चालत नाही. यावरून ‘सोसायटीला कामगार कायदे लागूच नाहीत’ असा निष्कर्ष काढून व्हॉट्सॲपवर फिरवला जातो. तो चूक आहे. तो निकाल त्या एका कायद्यापुरता. पगाराचा हिशेब त्याने माफ होत नाही.

मी थेट नेमणुकीचा सल्ला फक्त लहान सोसायट्यांना देतो. वीस-पंचवीस फ्लॅट, एक गेट, तीन-चार माणसं, वर्षानुवर्षं ओळखीची. तिथे ते छान चालतं. ११२ फ्लॅटना, चार पॉइंटना, मी नाही म्हणेन. तुमच्याकडे सकाळ-संध्याकाळ लक्ष देणारा निवृत्त, उत्साही आणि भांडणाला न कंटाळणारा सदस्य असेल तर गोष्ट वेगळी. असे सदस्य असतात, पण त्यांची बायपास झाली की व्यवस्था कोसळते, हे मी दोनदा पाहिलंय.

तिसरा रस्ता तुमच्या कमिटीत कोणी काढला नाही, तो सुरक्षा रक्षक मंडळाचा. हा महाराष्ट्राचा स्वतःचा १९८१ चा कायदा. माथाडींसाठी १९६९ मध्ये जी रचना झाली तिच्याच धर्तीवर रक्षकांसाठी केलेला. रक्षक मंडळात नोंदवलेला, मालकही मंडळात नोंदवलेला, तुम्ही पगार अधिक लेव्ही, म्हणजे त्यावरची ठरावीक टक्केवारी, मंडळाकडे भरायची आणि मंडळ रक्षकाला पगार, पीएफ, बोनस, रजा देतं. मधला माणूस नाही. पुणे जिल्ह्याचं मंडळ आहे. गणवेशावरून आणि नावांवरून लोक तीन गोष्टींची गल्लत करतात: हे मंडळ वेगळं, २०१० च्या कायद्याने झालेलं राज्य सुरक्षा महामंडळ वेगळं, ते प्रामुख्याने सरकारी आणि मोठ्या आस्थापनांना जवान देतं, आणि पसाराच्या एजन्सी वेगळ्या. ज्या एजन्सींना १९८१ च्या कायद्याच्या कलम २३ खाली त्यांच्या रक्षकांसाठी सूट मिळालेली असते, त्या तसा कागद दाखवतात. कारखान्याला हा कागद बघावाच लागतो. निवासी सोसायटीला तो कायदा कितपत बांधतो हे सोसायटीच्या स्वरूपावर, तळमजल्यावर गाळे आहेत का यावर, अवलंबून आहे, तेव्हा मंडळाला एक पत्र लिहून लेखी उत्तर घ्या. मंडळाचा रक्षक आठ तासांचाच असतो, महाग वाटतो, आणि बदलून मागणं एजन्सीइतकं सोपं नसतं. पण कागदांच्या बाबतीत झोप शांत लागते.

चौकशीबद्दल तुम्ही विचारलंय की ‘आधार कार्डाची झेरॉक्स आहे, पुरेल का’. नाही पुरणार. कायद्याने रक्षक १८ ते ६५ वयाचा, चारित्र्य पडताळणी झालेला, प्रशिक्षण घेतलेला असला पाहिजे. केंद्राच्या २००६ च्या नमुना नियमांत नव्या माणसाला १०० तास वर्गात आणि ६० तास प्रत्यक्ष असं प्रशिक्षण धरलेलं होतं, माजी सैनिक आणि पोलिसांना बरंच कमी. खरं सांगायचं तर बाजारातली अर्धी प्रमाणपत्रं एकाच दिवशी एकाच पेनाने भरलेली असतात. तारखा बघा. ज्या तारखांना तो माणूस ‘वर्गात’ होता त्याच तारखांना तो कुठल्या तरी गेटवर हजर होता का, हे विचारलं की समजतं. पडताळणीच्या बाबतीत मात्र हलगर्जी नको. २०१२ मध्ये वडाळ्याला एका इमारतीच्या रक्षकानेच तिथे राहणाऱ्या तरुण वकील मुलीचा तिच्या घरात शिरून खून केला होता. त्यानंतर काही महिने प्रत्येक सोसायटी फॉर्म भरत होती, मग पुन्हा झेरॉक्सवर आली.

गणवेशाचं एका वाक्यात: तुमच्या फोटोत सुपरवायझरच्या खांद्यावर तारे आणि अंगात खाकी आहे, ती उतरवायला सांगा, कारण सैन्य किंवा पोलिसांसारखा दिसणारा पोशाख रक्षकाने घातला तर कलम २१ खाली स्वतंत्र गुन्हा आहे.

आणि मोलकरणींच्या पिशव्या. तुम्ही म्हणता चोरीनंतर गेटवर प्रत्येक बाईची पिशवी उघडून बघतात आणि त्यावरून एक भांडण झालं. रक्षकाला झडतीचा अधिकार नाही. त्याला तुमच्या-माझ्यापेक्षा एकही जास्त अधिकार नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (पूर्वीच्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या) कलम ४० प्रमाणे कोणीही खासगी माणूस, आपल्यासमोर दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला धरू शकतो, पण सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. पिशवी बघायची तर तिच्या राजीखुशीने, बाईची पिशवी बाई रक्षकानेच, आणि नियम सगळ्यांना सारखा. मोलकरणीची पिशवी उघडायची आणि तिसऱ्या मजल्यावरच्या साहेबांचं पार्सल बघायचंही नाही, यातून भांडण होणारच. मोटारसायकल पिशवीतून जात नाही हेही कोणीतरी कमिटीला सांगा.

आता मी तुमच्या जागी असतो तर काय केलं असतं. पहिल्यांदा पॉइंट मोजले असते. चार पॉइंट चोवीस तास कशाला लागतात? बऱ्याच सोसायट्यांत चौथा पॉइंट म्हणजे बिल्डरच्या काळातला क्लबहाउससमोरचा एक माणूस, जो पाच वर्षं तिथेच बसलाय कारण त्याला उठवायचं कोणाला सुचलं नाही. दिवसाच्या दोन पाळ्यांत तीन आणि रात्री दोन, मागचं गेट रात्री कुलूपबंद, पार्किंगवर दोन चांगले कॅमेरे, असं जमतं का बघा. मग दिवसाला आठ तासांच्या आठ ड्युट्या होतात, सुट्ट्या धरून नऊ-साडेनऊ माणसं. माझ्या वरच्या उदाहरणाच्या दराने पगार-पीएफ-बोनस मिळून दीड लाखाच्या आसपास, दहा टक्के कमिशन आणि १८ टक्के जीएसटी चढवून साधारण १,९६,०००. आत्ता तुम्ही देता १,३२,०००. फरक फ्लॅटमागे महिना पावणेसहाशेच्या आत-बाहेर. चारही पॉइंट आठ-आठ तासांनी चोवीस तास ठेवायचे म्हटले तर चौदा माणसं लागतात आणि फरक फ्लॅटमागे साडेचौदाशेपर्यंत जातो, तो तुमची सर्वसाधारण सभा मंजूर करणार नाही, मी पैज लावतो. बारा तासांची पाळी कायद्याने चालवायची म्हटली तर आठ तासांपेक्षाही महाग पडते, हे वर पाहिलंच. स्वस्त पडते ती फक्त चोरून.

सभेत हा फरक मांडताना ‘सिक्युरिटीचे दर वाढले’ असं म्हणू नका. गणित फळ्यावर करा. बासष्ट रुपये तास हे लोकांसमोर लिहिलं की पुढच्या रांगेतले दोन-चार तरी गप्प होतात. आपल्या ड्रायव्हरला आपण किती देतो ते त्यांना माहीत असतं.

करारात दर एकरकमी लिहून घेऊ नका. मूळ, भत्ता, पीएफ, ईएसआय, बोनस, रिलीव्हर, गणवेश, कमिशन असे रकाने वेगळे. भत्ता वाढला की तेवढाच रकाना हलतो, एजन्सीला वर्षाच्या मध्यात रडायला कारण राहत नाही. बिलासोबत मागच्या महिन्याच्या पीएफची नावानिशी यादी, नुसतं चलन नाही. चलनावर फक्त एकूण रक्कम असते, ती कुठल्याही साइटची असू शकते. शिवाय अधूनमधून एखाद्या रक्षकाला गेटवर उभ्या-उभ्या त्याच्याच मोबाइलवर पीएफचं पासबुक उघडायला सांगा. त्याच्या चेहऱ्यावरून उरलेलं कळतं. सोसायटी टीडीएस कापते का तेही खजिनदारांना विचारा, सिक्युरिटीच्या बिलावर तो कापावा लागतो आणि फार सोसायट्या विसरतात. सोसायटीची जीएसटी नोंदणी असेल आणि नवी एजन्सी प्रोप्रायटरी किंवा भागीदारीची असेल, तर २०१९ पासून त्या बिलावरचा कर उलट पद्धतीने सोसायटीने भरायचा असतो, प्रायव्हेट लिमिटेड असेल तर तीच भरते. दर मागवतानाच हे स्पष्ट करा.

थोडक्यात तुमच्या तीन प्रश्नांची उत्तरं: पसाराची शिक्षा एजन्सीला, तुम्हाला नाही, पण थकलेले पगार तुमच्या दारात येऊ शकतात. थेट नेमणुकीने लायसन्स टळतं, जबाबदारी वाढते. आणि एजन्सी बदला, पण पॉइंट कमी करून आणि दर वाढवून, नाहीतर बदलू नका.

बदलताना एक काळजी घ्या. जुन्या एजन्सीचं शेवटचं बिल लगेच चुकतं करू नका. आठही रक्षकांना शेवटचा पगार मिळाल्याच्या, शक्यतो बँकेत जमा झाल्याच्या, नोंदी बघा आणि मग चेक द्या. माझ्या पाहण्यात दर दुसऱ्या बदलीत शेवटचा महिना रक्षकांचाच बुडतो. त्या आठांतला जो सात वर्षं मेन गेटवर आहे म्हणता, ज्याला प्रत्येक मुलाची स्कूलबस पाठ आहे, त्याला नवी एजन्सी घेईल, तुम्ही सांगितलंत तर. त्याची पडताळणी आणि प्रशिक्षण नव्याने करून घ्या, आणि पहिले दोन आठवडे त्याला दिवसपाळी द्या. किल्ल्या, पंपाच्या वेळा, कोणत्या विंगचा दरवाजा ओढून घ्यावा लागतो, हे सगळं नव्या पोरांना तोच सांगणार आहे.